उगवतीकडचा काठ

आषाढ पौर्णिमा जवळ आली की इथे, कॅनडातल्या लव्हालच्या रस्त्यांवर केशरी शंकू उभे राहतात. थंडीने फुटलेले रस्ते उन्हाळ्याच्या दोन-चार महिन्यांतच दुरुस्त करायचे असतात, म्हणून सगळं शहर एकदम खणायला काढतात. परवा विहाराकडे निघालो तर चौकाचौकात गाडी अडकत होती. माझी बायको सुजाता म्हणाली, "चला, शंकू आले. वर्षावास लागला." बाहेर बत्तीस डिग्री, आभाळात ढगाचा ठिपका नाही. कुणाच्या तरी बार्बेक्यूचा धूर खिडकीतून आत येत होता. आणि पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं म्हणून घालून दिलेल्या तीन महिन्यांची सुरुवात करायला, पांढरे कपडे घालून, मांडीवर खिरीचा डबा सांभाळत आम्ही निघालो होतो.

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे वर्षावास म्हणजे रोवणीचे, भातलावणीचे दिवस. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावलेल्या बाया संध्याकाळी अंगाला चिखलाचा वास घेऊनच विहारात यायच्या आणि भिंतीला टेकून ग्रंथवाचन ऐकायच्या. ऐकता ऐकता निम्म्या झोपायच्या. वाचणारे गुरुजी आवाज चढवायचे, तेवढ्यापुरत्या जाग्या व्हायच्या. माझी आई कधी झोपली नाही. तिला वाचता येत नव्हतं म्हणून ती ऐकायची फार नीट.

इथे आमचा असा विहार नाही. महाराष्ट्रातल्या बौद्धांची मॉन्ट्रियल आणि लव्हाल मिळून पंचवीस-तीस घरं. एप्रिलमधली जयंती शाळेच्या हॉलमध्ये होते. बुद्धपौर्णिमेला आणि वर्षावासाला आम्ही कंबोडियन लोकांच्या विहारात जातो. पूर्वी ते गालिच्यांचं दुकान होतं. आता आत सोनेरी बुद्ध आहे आणि बाहेर पार्किंगच्या रेषा अजून दुकानाच्याच आहेत. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला ख्मेर येत नाही. पण वंदना सुरू झाली की पाली शब्द तेच. त्यांचे उच्चार आमच्यापेक्षा लांब, गोलसर. पहिल्या वर्षी माझी मुलगी मैत्री कानात म्हणाली होती, "बाबा, दे आर सिंगिंग अवर थिंग." मी तिला म्हटलं, अगं, आपली आणि त्यांची, दोघांचीही तीच.

परवा तिथे जे पाहिलं ते शेवटी सांगतो. पण वर्षावास म्हटला की मला एकच वर्षावास आठवतो, तीन वर्षांपूर्वीचा. त्याबद्दल मी अजून कुठे लिहिलेलं नाही. सुजाताला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. लिहायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "सगळं लिहिणार?" मी म्हटलं, "सगळं." ती म्हणाली, "मग ते पंधरा दिवसही लिही."

लिहितो.

त्याआधीच्या हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागेल. कंबोडियातली लढाई संपून कितीतरी वर्षं झाली, पण तिथल्या जमिनीत भूसुरुंग अजून आहेत. जगातल्या पुष्कळ देशांनी ओटावात येऊन सुरुंगबंदीचा करार केला, त्यालाही बराच काळ लोटला. आपल्या देशाची त्यावर सही नाही, हे मला इथे येऊन कळलं आणि जरा ओशाळं वाटलं. पण कराराने जमिनीतला सुरुंग निघत नाही. तो कुणीतरी गुडघ्यावर बसून, वीत वीत जमीन तपासत, हाताने काढावा लागतो. हे काम तिथल्याच गावांतली माणसं करतात. त्यात बायकाही पुष्कळ. यंत्रं आणि प्रशिक्षण द्यायला बाहेरचे देश असतात, त्यांत एक कॅनेडियन संस्थाही होती. त्या संस्थेने लव्हालच्या विहाराला विचारलं होतं की तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना काय काय आठवतं, ते लिहून द्याल का? कुठल्या शेतात, कुठल्या वाटेवर सुरुंग होते? आता गावात राहणाऱ्यांपैकी पुष्कळजण नंतर आलेले. ज्यांना माहीत होतं ते एक तर मेले, नाही तर इकडे आले.

आमच्या कार्यक्रमांसाठी विहाराचा हॉल फुकट मिळतो, त्याची परतफेड काही तरी करावी असं मला वाटत होतं. मी पुढे होऊन म्हटलं, यादीचं काम मी करतो. नाही तरी नोकरीत मी दुसरं काय करतो? कंपन्यांच्या ग्राहकांच्या याद्या एकत्र करायच्या, एकच माणूस दोनदा आला असेल तर एक नोंद ठेवायची, दुसरी उडवायची. वीस वर्षं तेच. यादी स्वच्छ झाली की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

तो हिवाळा फार चांगला गेला. रविवारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, विहारात जायचं, बूट दाराशी काढायचे, लॅपटॉप उघडायचा. समोर एकेक आजोबा नाही तर आजी येऊन बसायची. चंथा नावाची पन्नाशीची बाई दुभाषी असायची. ती इथल्या वृद्धाश्रमात काम करते, फ्रेंच, इंग्लिश, ख्मेर तिन्ही फाडफाड बोलते. म्हातारी माणसं शेतं सांगायची, चिंच सांगायची, ओढ्याचं वळण सांगायची. मध्येच बोलायचं थांबून चहा प्यायची. मी उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून विचारायचो, "इथे?" ती म्हणायची, "नाही, अजून थोडं पुढे, जिथे म्हैस बसायची तिथे." पडद्यावर म्हैस कुठून दाखवणार?

त्यातले एक मस्यू, म्हणजे श्रीयुत, लेंग. वय अठ्ठ्याहत्तर. मॉन्ट्रियलच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ते आले ते नकाशा काढूनच. आलेखाचा कागद, बारीक पेन्सिल, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. एक तळं, तळ्याकाठी तीन ताडाची झाडं, आणि मावळतीकडच्या काठावर सुरुंगांची रांग. तरुणपणी ते तिथे बंदूक घेऊन होते. कुणाच्या बाजूने ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांचा कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हटलं, "परफेक्ट."

त्याच दुपारी चंथाची आई आली. सगळे तिला यिए म्हणतात, म्हणजे आजी. वाकलेली, हसरी, लिहिता-वाचता न येणारी. चाळीस वर्षं इथे राहून तिने पाच-सहा फ्रेंच शब्द उचललेत, त्यातला एक तिने मला चिकटवला होता: ऑर्दिनातर, म्हणजे कॉम्प्युटर. मी दिसलो की ती हाक मारायची, "मस्यू ऑर्दिनातर!" कॉम्प्युटरराव! त्या दिवशी तिने टेबलावर सूपचा बोल पालथा घातला, ते तळं. तीन चॉपस्टिक्स, ते ताड. म्हणजे तळं तेच. मग तिने हात बोलच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि चंथाला काही सांगितलं.

"ती म्हणतेय उगवतीकडे," चंथा म्हणाली. "वारूळ आहे, त्याच्यापासून पाण्यापर्यंत."

"किती अंतर?"

यिए गप्प झाली. हॉलमध्ये इकडेतिकडे पाहिलं. मग हात हलवला. "नाही आठवत म्हणतेय."

"कुणी पेरले होते?"

"नाही माहीत."

मी लिहून घेतलं. यादी पाठवायच्या आदल्या दिवशी बेसमेंटमध्ये बसून मी सगळ्या नोंदी तपासत होतो, तेव्हा त्या तळ्यापाशी थांबलो. एकच तळं, दोन नोंदी. एक म्हणते पूर्व, एक म्हणते पश्चिम. एकीकडे उत्तरेचा बाण असलेला नकाशा. दुसरीकडे सूपचा बोल. मला वाटलं, दोघांतलं एक चुकतंय, आणि कोण चुकतंय हे उघड आहे. मी यिएची ओळ निवडली आणि उडवली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, दुबार. फोन केला नाही, चंथाला विचारलं नाही. एका बटणाचं काम होतं.

यादी गेली. कोरड्या दिवसांत तिथल्या पथकाने त्या तळ्याचा मावळतीकडचा काठ साफ केला. सुरुंग निघाले, अगदी मस्यू लेंगनी दाखवले होते तिथेच. एप्रिलमध्ये त्यांच्या नववर्षाला विहारात सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात त्यांचा चौकड्यांचा पंचा घातला. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात यिएने वाजवल्या. मी घरी येऊन फोटो आमच्या मराठी बौद्धांच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

आता तो वर्षावास.

आषाढ पौर्णिमेला विहारात गेलो तर स्वयंपाकघरात यिए फोनवर ओरडत होती. इतकी हसरी बाई, कपाळाच्या शिरा फुगलेल्या. मी चंथाला विचारलं, काय झालं?

"वुथीशी भांडण. माझा मामेभाऊ. रोज चाललंय दोन महिने. त्याला तळ्याच्या पलीकडचं रान तोडून नांगरायचंय. भात लावायचंय. आई म्हणते जाऊ नकोस. तो म्हणतो, आत्या, तळं साफ झालं, साहेबांनी कागद दिला, सगळं गाव म्हणतंय. ट्रॅक्टरची पाळी लागली की नांगरणार आहे."

"पलीकडचं म्हणजे कुठलं?"

"उगवतीकडचं," चंथा म्हणाली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. मला वाटलं तिला माहीत आहे. मग वाटलं नसेल. मी खिरीचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "होईल नीट."

माझ्या यादीमुळे एक काठ साफ झाला होता. आणि एक काठ साफ झाला म्हणूनच सगळ्यांना दुसराही साफ वाटत होता. आधी ते रान भीतीने तरी सुटलं होतं. ती भीती मी काढून घेतली होती.

हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तरी मी पंधरा दिवस कुणाला काही बोललो नाही.

का? आज प्रामाणिकपणे आठवून पाहतो. पहिल्या दिवशी वाटलं, खात्री करून घेऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, संस्थेचे लोक पाहतीलच. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं की मला पंचा आठवतोय. ग्रुपवरच्या टाळ्यांची चित्रं आठवताहेत. आमच्या मंडळाचं नाव, उद्या हॉल मिळेल की नाही, असली कारणं मी शोधत होतो. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी त्या गावचं हवामान बघायचो. पाऊस झाला की जमीन मऊ होते आणि ट्रॅक्टर निघतो. मी भाताच्या देशातला माणूस. आमच्याकडे आषाढात ढग गेले तर मोठी माणसं जेवत नसत. आणि मी लव्हालमध्ये, सीरिअलच्या बोलवर वाकून, कुणाच्या तरी शेतावर पाऊस पडू नये म्हणून हात जोडत होतो.

"बाबा, तिथलं वेदर का बघतोयस? आर वी गोइंग देअर?" मैत्रीने विचारलं.

मी फोन पालथा ठेवला. सुजाताने ते पाहिलं. मैत्री गेल्यावर म्हणाली, "बोल आता. आठ दिवस जेवणात लक्ष नाहीये तुझं."

मी सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "ती म्हातारी रोज फोन करते म्हणून तो माणूस अजून उभा आहे. तुझ्यामुळे नाही."

तरी आणखी सहा दिवस गेले. मग एका सकाळी फोनच्या पडद्यावर त्या गावावर ढग आणि थेंबांचं चित्र आलं, पुढच्या चारही दिवसांवर तेच. मी ऑफिसला कळवलं की येत नाही, आणि गाडी विहाराकडे वळवली.

भिक्खूंचं जेवण दुपारच्या आत व्हावं लागतं, म्हणून सकाळी दहाला स्वयंपाकघरात घाई असते. त्या दिवशी यिए आणि चंथा दोघीच होत्या. यिए गवती चहा चिरत होती. मी चपला काढल्या, तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि चंथाला म्हटलं, "जसंच्या तसं सांग. तुझ्या आईची ओळ मी उडवली. मला वाटलं ती चुकतेय. मी विचारलंही नाही. आणि पंधरा दिवस मला हे ठाऊक आहे."

चंथाने सांगितलं. यिएची सुरी थांबली नाही. तिने दोन-तीन वाक्यांत उत्तर दिलं, आणि चंथा मला सांगायच्या आधी स्वतःच आईकडे वळून काही विचारू लागली. दोघींचं बराच वेळ चाललं. मी गवती चहाच्या वासात बसून राहिलो.

"ती म्हणते, तिला माहीत होतं," चंथा शेवटी म्हणाली. "यादी आली तेव्हा मीच तिला वाचून दाखवली होती. तिचं तळं त्यात एकदाच होतं. म्हणून तर तिने वुथीला फोन सुरू केले."

"मग मला का नाही सांगितलं?"

यिएने सुरी ठेवली. हात पुसले. ती हळू बोलत होती आणि चंथा त्याहून हळू सांगत होती, कारण ती स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होती.

उगवतीकडचे सुरुंग यिएच्या नवऱ्याने पेरले होते. शिपायांनी त्याला घरातून उचलून नेलं, चार दिवस खणायला लावलं. परत आला तेव्हा त्याने बायकोला जवळ बसवून सांगितलं, वारुळापासून पाण्यापर्यंत दोन रांगा, इतकी इतकी पावलं, तिथे गवत कापायला जाऊ नकोस, कुणाला जाऊ देऊ नकोस. तो पुढे सरहद्दीच्या वाटेवर तापाने गेला. ते सुरुंग ज्यांच्यासाठी पेरले होते, ती माणसं समोरच्या बाजूने यायची. मस्यू लेंग त्या बाजूचे.

"तीस वर्षं ती दोघं या स्वयंपाकघरात एकत्र भाजी चिरतात," चंथा म्हणाली. "त्या दिवशी हॉलमध्ये तो पलीकडच्याच टेबलावर बसला होता. त्याच्यासमोर कसं सांगणार? म्हणून तिने अर्धं सांगितलं. तिला वाटलं, अर्धं सांगितलं तरी पुरेल. कॉम्प्युटरराव बाकीचं शोधतील."

तिचं थांबणं, हॉलभर पाहणं, नाही आठवत म्हणणं, हे सगळं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी असा लावला की म्हातारीची आठवण गेली.

मला आमच्या गावची बोडी आठवली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. एका पाळीवर आमची वस्ती, दुसऱ्या पाळीवर गाव. आमच्या बायांना पलीकडच्या पाळीवर पाय ठेवायला बंदी नव्हती, पण कुणी ठेवत नसे. माझ्या आईला त्या बोडीबद्दल काही विचारलं असतं तर तिने याच पाळीबद्दल सांगितलं असतं. मी कॉलेजात असताना शेताची मोजणी झाली. आई मोजणीदाराला सांगत होती, धुऱ्याचा, हद्दीचा दगड पळसाच्या खाली होता, पळस तोडला, दगड हलवला. तो नकाशा बघत होता. "बाई, नकाशात नाही," म्हणाला आणि तिचं वाक्य त्याने लिहिलं नाही. मी शेजारी उभा होतो. मला इंग्रजी येत होतं, मला नकाशा वाचता येत होता, मी बोललो नाही. जमीन थोडी गेली, फार नाही. पण त्या माणसाची नजर मी पुढे कितीतरी वर्षं आठवून रागावत आलो. आणि लव्हालच्या बेसमेंटमध्ये, गरम मोजे घालून, तीच नजर माझी झाली होती. तळ्याला दोन काठ असतात, हे भंडाऱ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. ज्याला ज्या काठावर फिरता आलं, त्याने तो काठ सांगितला. दोघंही खरं बोलत होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

यिएने उत्तर चंथाला दिलं नाही, मला दिलं, फ्रेंचमध्ये, तिच्या पाच-सहा शब्दांतला एक वापरून. "मस्यू लेंग." आणि हवेत पेन्सिल धरल्यासारखा हात केला.

चंथाने फोन केला. लेंग जवळच राहतात, वीस मिनिटांत आले. काखेत आलेखाचे कागद. चंथाने त्यांना एवढंच सांगितलं होतं की त्या तळ्याच्या दुसऱ्या काठाचा नकाशा काढायचाय, आई सांगेल. ते टेबलाशी बसले. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. तळं काढलं. ताड काढले. यिए त्यांच्यासमोर बसली, या वेळी टेबलावर बोल नाही, चॉपस्टिक्स नाहीत. ती बोलत गेली. वारूळ. वारुळापासून पाण्याकडे. दोन रांगा. एका रांगेत अमुक पावलं सोडून एक.

लेंगची पेन्सिल चालत होती. मी चंथाच्या तोंडाकडे बघत होतो. मध्येच लेंगनी मान वर न करता काहीतरी विचारलं आणि चंथाचं भाषांतर थांबलं.

"काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं," चंथा म्हणाली, "ही पावलं तुझी की त्याची?"

 

"त्याची," यिए म्हणाली. "तो उंच होता."

लेंगनी मान हलवली. खोडरबर घेतलं, काढलेली रांग पुसली आणि अंतर वाढवून पुन्हा काढली. मग कागद तिच्याकडे वळवला. तिला नकाशा वाचता येत नव्हता. तरी तिने बोटाने वारुळापासून पाण्यापर्यंत चालून पाहिलं आणि मान डोलावली. लेंग उठले, सिंकपाशी गेले आणि उरलेला गवती चहा चिरू लागले. माणसं एकमेकांना क्षमा करतात म्हणजे काय करतात, हे मला कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन. ते चिरायला लागले.

मी तिथूनच संस्थेला लिहिलं. यादीत चूक आहे, चूक माझी आहे, नोंद मी उडवली होती, सोबत नकाशा जोडला आहे. प्रत्येक वाक्यात "मी" लिहिलं. मला वाटलं आता चौकशी होईल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. कळवल्याबद्दल आभार, आमची माणसं उद्या गावात जातील. तिथल्या पथकाची एक बाई मोटारसायकलवरून, भर पावसात, वुथीकडे गेली. ट्रॅक्टर त्याच्या अंगणात येऊन उभा होता. त्या खोलगट जागी पावसात काम करणं शक्य नव्हतं, म्हणून तिने रानाच्या कडेने कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या रोवून घेतल्या. त्याने फोटो पाठवला. यिएने तो मला दाखवला आणि म्हणाली, "मस्यू ऑर्दिनातर, बों." बों म्हणजे चांगलं. मी त्या दिवशी गाडीत बसून रडलो. तिचं मला रागावणं बाकी होतं, ते तिने कधीच केलं नाही.

त्या वर्षावासातली आणखी एक गोष्ट. भाद्रपदात, आपल्याकडे पितृपक्ष असतो त्याच पंधरवड्यात, कंबोडियन लोक मेलेल्यांसाठी भाताचे गोळे करतात, चिकट भात आणि तीळ. आम्ही श्राद्ध-पिंड सोडलेली माणसं. आधी मी त्या दिवसांत तिकडे फिरकतही नसे. त्या वर्षी यिएने मला ताट धरायला बोलावलं आणि मी गेलो. तिने एक गोळा वळला, इतरांपेक्षा मोठा, आणि ताटात ठेवताना चंथाला काही म्हणाली. उंच माणसाला भूक जास्त, असं म्हणाली. घरी सांगितलं तेव्हा सुजाता हसली. "पिंडाचं ताट धरलंस? मंडळात सांगू का?" मी म्हटलं, सांग. मी ते ताट पुन्हाही धरेन. माझा विश्वास बदललेला नाही. पण त्या माणसाची पावलं मला माहीत आहेत, मग त्याचं ताट मी का धरू नये?

त्याच आठवड्यात मी आईला गावी फोन केला. म्हटलं, आई, मोजणीच्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोललो नाही. ती थोडा वेळ आठवत होती. मग म्हणाली, "मीच त सांगितलं होतं तुले, गप राय म्हणून. त्याच लोकाईत राहाचं होतं आपल्याले. इसरला का?" मी खरंच विसरलो होतो. पंचवीस वर्षं माझा अपराध मी जपून ठेवला आणि तिचा निर्णय विसरलो. तिलाही मी नीट ऐकलं नव्हतं.

पुढच्या कोरड्या दिवसांत पथकाने उगवतीकडचा काठ साफ केला. रांगा दोन होत्या. लेंगच्या कागदावर आणि जमिनीवर फरक फार थोडा निघाला. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ती माणसं मी कधी पाहिली नाहीत: पावसातून मोटारसायकलवर गेलेली ती बाई, गुडघ्यावर बसलेले ते लोक, लव्हालमधून आलेल्या एका ईमेलवर विश्वास ठेवून दुसऱ्याच दिवशी हललेलं एक ऑफिस. मी आता त्यांच्या यादीचं काम करतो, दर हिवाळ्यात. कुणाचीही ओळ काढत नाही. दोन माणसं दोन गोष्टी सांगतात तेव्हा दोन्ही लिहितो आणि दोघांकडे परत जातो. ऑफिसात मात्र अजून उडवतो. तिथे पगार त्याचाच आहे.

आणि परवा. वंदना झाली, भिक्खूंचं जेवण झालं, आम्ही भांडी आवरत होतो, तेव्हा चंथाने हाक मारली. वुथीचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र होती, म्हणून त्याने दिवसा काढून ठेवलेलं चित्रीकरण आधी पाठवलं होतं; ते लॅपटॉपवर लावलं, आणि चंथाच्या फोनवरून तो सगळ्यांबरोबर बघणार होता. उगवतीकडच्या काठावर घोटाभर पाणी. त्यात वुथी वाकून रोवणी करतोय, त्याच्या बायकोने फोन धरलाय. पाण्यात आभाळ, ओळीत हिरवी रोपं. भंडाऱ्याची बांधी म्हणून दाखवली तर कुणाला फरक कळणार नाही. सुजाता माझा हात धरून उभी होती. मस्यू लेंग चष्मा कपाळावर चढवून बघत होते. वुथी एकेक पाऊल मागे टाकत, न बघता, चिखलात पाय रोवत चालला होता.

यिए अगदी पडद्याला नाक लावून बसली होती. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडूनच बोलते. अचानक तिने पडद्यावर बोट आपटलं आणि वुथीवर खेकसली. तिकडे वुथी हसायला लागला, इकडे चंथा.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याच्या पोटरीकडे बघा म्हणतेय. जळू लागलीय. त्या बाजूच्या पाण्यात फार जळवा असतात, एवढंही कळत नाही का म्हणतेय."

सगळे हसले. लेंगही हसले. यिए हसली नाही. तिच्या लेखी जळू आत्ताच लागली होती. तिने फोन चंथाच्या हातातून ओढून घेतला, तोंडाजवळ नेला आणि ओरडून सांगू लागली, आणि चंथा हसता हसता मला सांगत होती, "मीठ लाव म्हणतेय. बघत काय बसलास, मीठ लाव!"